एकतीस पाट्या, आठ पानं

हिरेमठ मॅडमनी टेबलावर एक मोठा कोरा कागद पसरला. तीनदा दुमडला, उलगडला, मधोमध कात्रीनं एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी कडा आत ढकलल्या. बघता बघता कागदाचं छोटं पुस्तक झालं. आठ पानांचं.

"याला झीन म्हणतात," त्या म्हणाल्या.

"जीन?" पद्मजानं विचारलं. "पँटची?"

"झीन. हातानं लिहायचं, हातानं चितारायचं, झेरॉक्स काढायच्या आणि वाटायचं. कॉम्प्युटर नाही, छापखाना नाही."

"म्हणजे शाळेतलं हस्तलिखित," मी म्हणाले.

"हस्तलिखितात संपादकीय असतं आणि मुख्याध्यापकांचा फोटो असतो. यात ते नको. तुम्ही काय केलंत, आणि करताना तुमचं काय झालं, एवढंच लिहा. दिल्लीवाल्यांनी तेच मागितलंय."

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. सोलापुरातल्या एका कला महाविद्यालयात आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. मी, पद्मजा येमूल आणि इम्तियाज मुल्ला असा तिघांचा गट. वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही कॉलेजमागची भाजी मंडई निवडली होती. तिथल्या एकतीस गाळ्यांसाठी आम्ही पत्र्याच्या एकतीस पाट्या रंगवल्या. प्रत्येक पाटीवर भाजी विकणारीचं नाव, खाली तिच्या मालाचं चित्र. इम्तियाजचे मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे त्याचा हात लहानपणापासूनच अक्षरावर बसलेला. पद्मजाची वांगी आणि दोडके असे, की उचलून पिशवीत टाकावेसे वाटत. आणि मी? मी सगळं जमवून आणलं. मंडईच्या ऑफिसातून परवानगी मी काढली, पत्रे मी मिळवले, कोणी कधी काय करायचं ते मी ठरवलं. मला ते येतंच. आजही माझं पोट त्याच्यावरच चालतं.

राज्याच्या विद्यार्थी प्रदर्शनात आमच्या कामाला पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. मालनमावशी म्हणून एक पालेभाजीवाल्या होत्या, त्या त्यांच्या पाटीखाली उभ्या राहून खळखळून हसतायत असा. आता तेच काम दिल्लीच्या प्रदर्शनासाठी पाठवायचं होतं आणि सोबत विद्यार्थ्यांनी स्वतः मागं वळून लिहिलेलं काहीतरी हवं होतं. हातात चौदा दिवस. तिथं निवड झाली की अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत माझी मुलाखत सोपी होणार होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी दहा मिनिटांत आठही पानं वाटून टाकली.

"एक, मुखपृष्ठ, पद्मजा. दोन, आधीची मंडई. तीन, अक्षरं, इम्तियाज. चार-पाच सलग, मंडईचा नकाशा आणि एकतीस पाट्या. सहा, भाजीवाल्या काय म्हणतात. आठ, आभार."

"सात?" मॅडमनी विचारलं.

"सातवर काय चुकलं ते."

"काय चुकलं?"

"दोन पाट्यांचा रंग उडाला. पत्रा नीट घासला नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच."

मॅडमनी इम्तियाजकडे बघितलं. तो कागदाची चीर बोटानं सारखी करत बसला होता. "बरं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मंडईत गेले. सहाव्या पानाला सुरुवात मालनमावशींपासूनच करायची, हे ठरलेलं होतं. फोटो त्यांचा होता.

मावशी चुक्याच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. डोक्यावर आमची पाटी. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, खाली मेथीची जुडी.

"मावशी, ओळखलं का?"

"न वळखायला काय झालं? पाटीवाली पोरगी. बस."

त्यांनी पोतं पुढं सरकवलं. मी बसले. "पाटी लावून चार महिने झाले. काय फरक पडला, ते लिहून न्यायचंय."

"चांगली हाय की. रोज वल्ल्या फडक्यानं पुसते."

"ते दिसतंय. पण गिऱ्हाइकं? ती काही म्हणतात का?"

मावशींचा हात थांबला. आजूबाजूला बघून त्या पुढं वाकल्या. "एक सांगू? लिवू नको पर."

मी पेन खाली ठेवलं.

"चार म्हैनं झालं, लोक मला तिच्या नावानं हाका मारायला लागल्यात."

"कुणाच्या?"

"चंद्रभागेच्या. माज्या सवतीच्या."

माझी नजर वर पाटीकडे गेली. मावशींना ते कळायचं कारण नव्हतं. त्या जुड्या लावत बोलत राहिल्या.

"हा गाळा तिचा. मालकांनी मला केली ती लेकरांसाठी. मी घरात, ती हितं. सा वर्सं एका चुलीवर काढली, पर मला कवा हितं पाय ठिवू दिला न्हाई. म्हणायची, पोरं तुजी, गाळा माजा. काविळीनं गेली, त्याला अकरा वर्सं झाली. मग मी बसले. पैल्यांदा लोक इचारायचे, चंद्रभागाबाई कुटाय? मग इसरले. मालनचं गिऱ्हाईक झाले. आन आता पुन्यांदा सुरू. ज्यांनी तिला कवा बगितलं न्हाई, अशी नवी नवी पोरं येत्यात आन म्हणत्यात, चंद्रभागाबाई, मेथी कशी दिली? एकीला म्हणलं, आगं ती मेली. तर ती बाई हसायला लागली."

"तुम्हाला काय वाटतं, का म्हणत असतील?"

"कुनीतरी मुद्दाम शिकवून धाडतंय. न्हाईतर..." त्यांनी वर बघितलं. पाटीकडे नाही, पाटीच्या वर, पत्र्याच्या छपराकडे. "न्हाईतर तिलाच अजून गाळा सुटंना."

पाटीवर इम्तियाजच्या डौलदार अक्षरात लिहिलं होतं, चंद्रभागाबाई शि. कोरे. ताजी पालेभाजी.

मालनमावशींना वाचता येत नव्हतं, आणि त्यांची पोरं मंडईत कधी फिरकत नव्हती. शेजारच्या बसव्वाला मराठी अक्षर लागत नव्हतं. आणि पाटी लावली त्या दिवशी, सगळ्या मंडईसमोर, मी मावशींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "बघा मावशी, तुमचं नाव." त्या हसल्या तो फोटो त्यानंतरचाच.

आता पोत्यावर बसून मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "लोकांचं काय एवढं मनावर घ्यायचं."

"व्हय की," मावशी म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबली.

कॉलेजात आले तेव्हा पद्मजा मुखपृष्ठावर टोपली काढत होती. मी सहा नंबरचं पान पुढं ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाटी लागल्यापासून लोक मला नावानं हाक मारतात.' खाली, 'एक पालेभाजीवाली.'

"एक पालेभाजीवाली?" इम्तियाजनं विचारलं. "नाव का नाही टाकलंस? आपला सगळा प्रकल्पच नावांचा आहे."

"जागा नाही."

"अख्खं पान रिकामं आहे, चारू."

"नंतर टाकू."

तो माझ्याकडे बघत राहिला. इम्तियाज फार बोलायचा नाही. ब्रश बुडवायच्या आधी तो बाटलीच्या तोंडावर दोनदा निथळायचा, तसंच बोलण्याआधीही करायचा. "मालनमावशी असं म्हणाल्या? याच शब्दांत?"

"हो."

"कोणत्या नावानं हाक मारतात?"

पद्मजाची पेन्सिल थांबली.

मी चिडले. म्हणाले, तेरा दिवसांवर मुदत आली, पानं कोरी पडलीत आणि तुला चौकशा सुचतायत. म्हणाले, तुझं पान तीन, ते बघ. म्हणाले, सगळं मीच करायचं असेल तर तसं सांगा. त्यानं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, "मी विचारलं होतं तुला. पाटी रंगवताना."

विचारलं होतं. ते मला सकाळपासून आठवत होतं, खरं तर मंडईतल्या पोत्यावर बसल्यापासून.

पाट्या रंगवायच्या आधी मी वही घेऊन प्रत्येक गाळ्यावर गेले होते आणि प्रत्येकीला नाव विचारलं होतं. सतराव्या गाळ्यावरची बाई म्हणाली, मालन. मी लिहून घेतलं. मग मंडईच्या ऑफिसातून परवान्यांची यादी मिळाली. टाइप केलेली, गाळ्यांच्या क्रमानं, संपूर्ण नावं, आडनावांसकट. माझ्या वहीतली अक्षरं गिचमिड, काही पानं कोबीच्या पाण्यानं भिजलेली. मी यादी उचलली. इम्तियाजनं सतरा नंबरचा पत्रा समोर घेतला, यादी बघितली आणि विचारलं, "ती मालन म्हणाली होती ना?" मी म्हणाले, "ते घरचं नाव असेल. कागदावरचं खरं. यादीत आहे तेच लिही." त्यानं लिहिलं.

हे सगळं मी त्या दोघांना आता सांगितलं. सवतीचं, काविळीचं, छपराकडे बघितल्याचं. सांगताना माझा आवाज ठणठणीत होता. सवयीनं.

"आणि तू तिला काही बोलली नाहीस?" पद्मजा म्हणाली.

"नाही."

"अगं, ती बाई चार महिने भुताला भिऊन बसलीय!"

इम्तियाजनं मी लिहिलेलं पान उचललं, घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवलं. फाडलं असतं तर मला भांडता आलं असतं.

संध्याकाळी मी मॅडमना गाठलं. त्या स्टाफरूममध्ये चष्मा पुसत होत्या. मी सगळं सांगून टाकलं आणि शेवटी विचारलं, "हे सात नंबरच्या पानावर घ्यायचं का?"

"बाईंना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला काय विचारतेस, पान कितवं?" त्यांनी चष्मा घातला. "ज्याची गोष्ट आहे त्याला कळायच्या आधी दिल्लीला कळणार आहे का?"

"मॅडम, हे लिहिलं तर निवड होणार नाही. फोटोच खोटा ठरतो."

"होईल की नाही, मला माहीत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

"मी तुझ्या जागी नाही, चारुशीला. उद्या मंडई किती वाजता भरते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. इम्तियाज म्हणाला, "अक्षर माझं आहे, मीही येतो." पद्मजा म्हणाली, "मेथी माझी आहे."

मावशी चहा पीत होत्या. मी पोत्यावर बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "मावशी, पाटीवर तुमचं नाव नाही. चंद्रभागाबाईंचं आहे. परवान्यावर तेच आहे, मी त्यावरून घातलं. तुम्ही मला मालन सांगितलं होतं, तरी मी ते घातलं. लोक वाचून तसं म्हणतात."

मावशींनी कप खाली ठेवला. पाटीकडे बघितलं, मग इम्तियाजकडे. "वाच," त्या त्याला म्हणाल्या.

त्यानं वाचलं.

"पुन्यांदा."

त्यानं पुन्हा वाचलं. शेजारची बसव्वा पुढं सरकून ऐकायला लागली. दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना मावशींनी हातानंच पुढं जायला सांगितलं.

"म्हंजे लोक वाचून म्हणत हुते."

"हो."

"कुनी शिकवून धाडलं न्हवतं."

"नाही."

"आन ती बी आली न्हवती."

"नाही, मावशी."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं, झालं, सुटले. पण त्या उठल्या, स्टुलावर चढल्या, तारेचे पीळ सोडवले आणि पाटी खाली उतरवली. उलटी करून जुड्यांच्या मागं ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची माझ्या खांद्याला लागत होती.

"चार म्हैनं मी तिचं नाव पुसत बसले. रोज. लखलखीत करत हुते. आन काल मी तुला समदं बोलले, तवा तुला कळलं हुतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"भ्यायले."

"मला?"

"नाही." खरं सांगायचं तर मला एकच वाक्य सुचत होतं, तेच बोलले. "बक्षीस जाईल म्हणून."

"हं," मावशी म्हणाल्या. त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मला वाटलं आता शिव्या येतील. मी त्या घ्यायला तयार होते, खरं तर वाटच बघत होते. पण त्यांनी भलतंच विचारलं. "बाकीच्यांच्या बरोबर हायत का?"

सगळ्या पाट्या त्याच यादीवरून केल्या होत्या.

"चल," मावशी म्हणाल्या. बसव्वाला गाळ्याकडे बघायला सांगितलं, पदर खोचला आणि निघाल्या.

असा मंडईचा फेरा मी पुन्हा कधी मारला नाही. मावशी पुढं, आम्ही तिघं मागं. प्रत्येक गाळ्यावर त्या थांबत आणि मोठ्यानं म्हणत, "तुजं नाव काय गं? आता ही काय लिवलंय ते वाचंल, ऐक." मग मी वाचायची. बहुतेक ठिकाणी दोन्ही जुळायची आणि मी श्वास सोडायची. नऊ नंबरवर जुळलं नाही. पाटीवर सासऱ्याचं नाव होतं, आणि बसत होती त्याची विधवा सून, कलावती. बावीसवर हलिमाबी होती आणि आमच्या पाटीवर हलिमाबाई. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पोरानं वाचून दाखवलं. पर तुमी आपणहून केलेलं, वर ते चुकलं म्हणून कसं सांगायचं?" सव्वीसच्या बाईनं गाळा दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या बाईकडून घेतलेला, पाटीवर नाव त्या आधीच्या बाईचं. तिनं आमची पाटी कधीच काढून टोपल्यांवर झाकण म्हणून ठेवली होती. तीसवर लिंबांवाली गौराक्का. तिच्या पाटीवर नाव बरोबर होतं, पण आडनाव नवऱ्याचं, आणि ती त्याला सोडून माहेरी राहायला येऊन पंधरा वर्षं झाली होती.

पाच पाट्या. एकतीसपैकी पाच. सात नंबरच्या पानावर मी दोन पाट्यांचा उडालेला रंग लिहिणार होते.

फेरा संपला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इम्तियाजनं पाचही नावं लिहून घेतली होती, आणि प्रत्येकीला ते परत वाचून दाखवून, ती हो म्हणाल्यावरच पुढं गेला होता. सतराव्या गाळ्यावर परत आल्यावर त्यानं मावशींना विचारलं, "जुनं नाव खरवडून मालनबाई कोरे लिहितो. चालेल?"

मावशी स्टुलावर टेकल्या. पाटी मांडीवर सरळ करून घेतली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या लाल फटकाऱ्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"खरवडू नको," त्या म्हणाल्या. "गाळा तिनंच धरला. भाजीची पाटी डोक्यावर घिऊन दारोदार हिंडायची आदी. हितं बसायला जागा मिळावी म्हणून लई भांडली. खोटं न्हाई ते. ऱ्हाऊ दे."

"मग तुमचं?"

"खाली लिव."

इम्तियाजनं पाटी हातात घेऊन बघितली. "मावशी, जागा नाही. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात आहे. खाली तुमचं घालायचं तर बारीक घालावं लागेल."

मावशींनी क्षणभर विचार केला.

"मग तिचं बारीक कर," त्या म्हणाल्या.

बसव्वा हसायला लागली, मग पद्मजा, मग मावशीही. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी हळूच हसले.

त्या आठवड्यात आम्ही झीन पहिल्यापासून मांडलं. माझी दहा मिनिटांत केलेली पानवाटणी टाकून दिली. या वेळी कुठलं पान कुठं हे मी ठरवलं नाही, तिघांनी ठरवलं, आणि त्यामुळे तीन दिवस भांडणात गेले. मधल्या दोन पानांवर डावीकडे पाच पाट्या आम्ही लिहिल्या तशा, उजवीकडे त्या बायकांनी सांगितल्या तशा. सवतीचं छापायचं का, ते मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "छाप, पर काविळीचं लिवू नको, तिचं तिच्यापाशी ऱ्हाऊ दे." ती ओळ काढली. इथं ती पुन्हा सांगते आहे, कारण आता मावशीही गेल्या, आणि त्यांच्या लेकानं मला म्हटलं, सांगा.

सातव्या पानावर मी माझ्या अक्षरात एवढंच लिहिलं, 'यादीत आहे तेच लिही, असं मी म्हणाले. नाव विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं.' खाली सही.

मॅडमनी झीन वाचलं, मागची बाजू उलटून बघितली आणि म्हणाल्या, "सातवं पान जरा कोरडं आहे." मग पान मिटून, "राहू दे, कोरडंच राहू दे."

दिल्लीला आमची निवड झाली नाही. कारण कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अहमदाबादच्या मुलाखतीत मी तेच झीन टेबलावर ठेवलं. समोरच्या तिघांपैकी एकानं विचारलं, हे तुम्ही स्वतःविरुद्ध कशाला आणलंत? मी म्हणाले, माझं सगळ्यात चांगलं काम हेच आहे. मला त्या वर्षी घेतलं नाही. पुढच्या वर्षी घेतलं, आणि तेव्हाही टेबलावर झीन तेच होतं.

पण त्याच्या आधी, साठ प्रती काढून झाल्यावर, आम्ही त्या मंडईत वाटल्या होत्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी वाचून दाखवायचं ठरलं होतं. मालनमावशींच्या गाळ्यापुढं पंधरावीस बायका गोळा झाल्या. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मधली दोन पानं आली तेव्हा गौराक्का म्हणाली, "आता कसं." हलिमाबीनं आपलं नाव तीनदा वाचायला लावलं. सातवं पान आलं. तेही मी वाचलं, न अडखळता, जसं लिहिलं तसं. बसव्वा कानडीत शेजारणीला काहीतरी म्हणाली, त्यावर दोघी माना हलवत राहिल्या. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

मग मालनमावशींनी माझ्या हातातला कागद घेतला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

"माझं नाव."

"व्हय की गं," त्या एकदम म्हणाल्या. "सा म्हैनं झालं तू हितं येतीस जातीस. समद्यांची नावं इचारलीस. तुजं नाव कुनीच इचारलं न्हाई. काय नाव तुजं?"

"चारुशीला."

"शीला," मावशींनी सगळ्यांना सांगितलं. "शीला नाव हाय हिचं."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, शीला, चांगलं हाय.

"शीला नाही, मावशी," मी म्हणाले. "चारुशीला." आणि त्या नीट म्हणेपर्यंत तिथंच उभी राहिले.